पाणी प्यायची सुट्टी

चौथ्या फेरीतही शेवटची जागा भरली नाही. सरांनी मतांचा आकडा फळ्यावर लिहिला आणि आर्णीच्या त्या कॉलेजच्या हॉलमध्ये पोरांनी एकच कल्ला केला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे न्यायाधीश कसे निवडतात, त्याची नक्कल चालली होती. एकेक पोरगं एकेका देशाची पाटी पुढ्यात घेऊन बसलं होतं. मतदान गुप्त. तीन वाट्यांतले दोन वाटे मतं पडली तरच उमेदवार न्यायाधीश होणार, नाहीतर पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा फेरी. एकदा झाला की नऊ वर्षं, आणि दुसऱ्यांदा उभं राहायचं नाव नाही.

पाहुण्यांच्या खुर्चीवर देवराव तोंड पाडून बसले होते. त्यांच्या नातीच्या, निकिताच्या पुढ्यात भारताची पाटी होती आणि भारताला मतच नव्हतं. आपला देश त्या न्यायालयाचा सभासद नाही, त्यामुळे नुसतं बसून पाहायचं, असं सरांनी सांगितलं होतं. आता बोला! पोरगी इस्त्रीचा ड्रेस घालून, आजोबांना एसटीत बसवून गावाहून आली, आणि तिच्याच हाती चिठ्ठी नाही. शेजारी गावातल्याच वच्छलाबाई बसल्या होत्या. त्यांचा नातू रोशन जपान झाला होता आणि दर फेरीला ऐटीत चिठ्ठी टाकून येत होता. बाई खुशीत होत्या.

सरांनी पाणी प्यायची सुट्टी दिली. अशाच एका सुट्टीत देवरावांचं हाताशी आलेलं पंचपद गेलं होतं.

चाळीस वर्षं तरी उलटली असतील. गावच्या पंचात एक जागा रिकामी झाली होती आणि देवरावांचं नाव पुढे आलं होतं. चावडीसमोर मडकं ठेवलं होतं. घरटी एक दाणा, तोही घरच्या पुरुषाच्या हातून. देवराव पाहिजे तर तूर, नको तर ज्वारी. तिथंही तीन वाट्यांतले दोन वाटे लागत. पहिल्या फेरीत तूर भरपूर निघाली, पण थोडक्यात कमी पडली. पाटलांनी सगळ्यांना घरी पाठवलं, पाणी पिऊन या म्हणाले. लोक पाणी पिऊन आले, खाली माना घालून मडक्यात दाणे टाकून गेले. मडकं उपडं केलं तर ज्वारीच ज्वारी.

त्या संध्याकाळी तानाबाईनं, त्यांच्या बायकोनं, पातोडीचा, बेसनाच्या वड्यांचा रस्सा केला होता. सणावाराला करायची तसा, तर्रीदार. हरलेल्या नवऱ्याची समजूत काढायची तिची ही रीत, असं वाटून देवरावांचे डोळे भरून आले होते. आता तानाबाईला जाऊनही चार वर्षं झाली. तसा रस्सा पुन्हा कोणाच्या हाताला आला नाही.

पण गाव फिरवलं कोणी? हा काटा काही निघाला नाही. देवराव बोलघेवडे. त्यांनी प्रत्येक घरचा चहा प्यायला, प्रत्येक ओट्यावर बसून दुपारी घालवल्या, लोकांच्या लग्नांत नाचले, मयतीत रडले. काय सोन्यासारखे दिवस होते ते! आणि तरी प्रत्येक ओट्यावरून उठताना मनात यायचं, हाच असंल. मरायच्या आधी एकदा नाव कळावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

इकडे निकिता जागेवर नव्हती. सकाळी एसटीत ती एका उमेदवार बाईबद्दल भरभरून सांगत होती. तीच न्यायाधीश व्हावी, असं तिच्या मनात होतं. आता ती बाकाबाकावर फिरत होती, कोणाच्या कानाला लागत होती, कोणाला हसवत होती. देवराव वैतागले. मत नाही काही नाही, मग या पोरीची धावपळ कायले, असं त्यांनी वच्छलाबाईंना विचारलं. वच्छलाबाई निकिताकडेच पाहत होत्या.

पाचवी फेरी झाली. जागा भरली. निकिताची बाई न्यायाधीश झाली होती.

वच्छलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "तानीवर गेली पोरगी."

देवरावांनी वळून पाहिलं.

"आता लपवून काय करू भाऊजी? तुम्ही सारे चावडीवर होते, तवा तानी मांगच्या दारानं घरोघर फिरली. आमच्या घरी बी आलती. म्हणे, माह्या मानसाले पंच नका होऊ देऊ. पंचाले ना कोणाच्या ओट्यावर बसता येत, ना कोणाच्या घरचा चहा घेता येत. हा मानूस बोलल्याबिगर सुकून जाईल म्हणे. मंग घरी पाणी प्याले आलेल्या मानसाले आम्ही बायांनी सांगतलं."

देवरावांना राग आला. पण राग काढायला समोर माणूस नव्हतं. मग तानाबाईची अशी आठवण आली की त्यांना काही दिसेना. हॉलमध्ये टाळ्या वाजत होत्या. त्यांनी डोळे पुसले.

"पण वहिनी, तिले तं मत नव्हतं."

"नव्हतं न भाऊजी. म्हणून तं तिले साऱ्या गावाचं टाकावं लागलं."