मोहरेचं घराणं

कल्याण, १९५२. नाण्यांच्या लिलावात सोन्यापेक्षा घराण्याच्या नावाला भाव. म्हणून कोलशेतच्या भिवाला मिठागराचा बांध खणताना सापडलेली मोहोर दलाल पोतनिसांनी 'सरदार रणशिंग्यांच्या देव्हाऱ्यातली' म्हणून मांडली. भिवा दाराशी उभा राहून कौतुकाने ऐकत होता.

बोली चढत असतानाच एक म्हातारे गृहस्थ उठले. "मी रणशिंगे. बघू ती मोहोर."

पोतनिसांनी नाइलाजाने मोहोर पुढे केली.

म्हाताऱ्यांनी मोहोर उलटसुलट निरखली, डोळ्यांना लावली. "आमचीच ही!"

पोतनिसांचा जीव भांड्यात पडला.

"दरोड्यात आमचा सगळा देव्हारा गेला, त्यातली. पोलिसांना बोलवा! कुणी आणली ही इथे?"



सकाळपासून पोतनीस पहिल्यांदाच खरं बोलले, "या भिवाने."