वीस वर्षांनंतरची संमती

तालुक्याच्या विकास आराखड्यावरच्या सुनावणीत मालन खरात हरकत घ्यायला उभी राहिली, तेव्हा अधिकारी देशमाने नम्रपणे म्हणाले, "मावशी, तुमची तर संमती आलीय."

"मी कधी दिली?"

"आज नाही. आराखडा वीस वर्षांचा आहे, म्हणून यंत्र वीस वर्षांनंतरच्या तुम्हाला विचारतं."

त्यांनी कळ दाबली. सभागृहात एक थकलेला आवाज उमटला. "गायरानावरच्या गोदामांना माझी ना नाही."

आवाज मालनचाच होता, पण बोलणं तिला पटेना. तिची शेरडं ज्या गायरानावर चरतात, ते ती असं सहज सोडून देईल? यात कुठंतरी पाणी मुरतंय, असं वाटून ती यंत्राजवळ गेली.

"का गं, शेरडं कुठं चारतेस मग?"

"ती कधीच विकली. गावात मी एकटीच उरलेय."

"आणि बाकीचे?"

"गोदामं झाली, तशी माणसं एकेक करून गाव सोडून गेली. आता ना म्हणून कुणासाठी भांडू?"

देशमान्यांचा हात कळीकडे गेला. मालननं तो मधेच धरला.

"थांबा, साहेब," ती म्हणाली. "म्हातारीचं बोलणं अजून संपलेलं नाही."