वायरचा की वायरलेस

"घरात कोणीतरी येऊन जातंय," बाथरूममधून नवरा म्हणाला. "साबण ओला आहे."

ती दारात चपला काढत होती. "सकाळी तुम्हीच अंघोळ केलीत की."

"सकाळचा साबण संध्याकाळपर्यंत ओला राहतो होय? आणि हा टॉवेल बघ."

रोज सकाळी दोघं एकाच स्कूटरवरून बाहेर पडायची. तिला दातांच्या दवाखान्यात सोडून तो छापखान्यात जायचा आणि संध्याकाळी येताना तिला घेऊन यायचा. मधला सगळा वेळ घराला कुलूप.

"काही गेलंय का?" तिने विचारलं.

"काहीच नाही. तेच तर खटकतंय मला."

त्याने कपाटं उघडली, कुलपं ओढून पाहिली. शेवटी तो स्वयंपाकघरातल्या खिडकीशी थांबला. ही खिडकी मागच्या अंगणात उघडायची आणि तिला गज नव्हते.

"हिची कडी तू लावली होतीस ना?"

"लावली असेल. घाईत कुठे लक्षात राहतं?"

खिडकी लावून घेत त्याने तिच्याकडे पाहिलं.

कडी तिने लावली नव्हती. गेले काही महिने ती मुद्दामच लावत नव्हती.

कॉलेजला जातो असं सांगून मुलगा दोन वर्षं भलतीकडेच भटकत होता. ते उघडकीला आलं तेव्हा बापाने त्याला घराबाहेर काढलं. "नापास झाला असतास तरी चाललं असतं. खोटं बोलणारा माणूस मला घरात नको," एवढंच तो बोलला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने दाराचं कुलूप बदललं. तेव्हापासून घरात मुलाचं नाव निघत नव्हतं. मुलगाही बापाच्या वरताण हट्टी. आईचासुद्धा फोन उचलायचा नाही.

मग एकदा ती कडी लावायला खरोखरच विसरली. संध्याकाळी ओट्यावर एक ताट घासून पालथं घातलेलं दिसलं. नवरा आत यायच्या आधी तिने ते पुसून जागेवर ठेवलं. त्या दिवसापासून ती थोडं जास्तीचं जेवण झाकून ठेवू लागली.

रविवारी अलार्मवाला आला.

"अंघोळ करून जाणारा चोर? पहिल्यांदाच ऐकतोय," तो हसला. नवरा हसला नाही.

"वायरचा बसवावा की वायरलेस?" नवऱ्याने विचारलं.

"मला विचाराल तर वायरचा. भिंती फोडून वायरी आतून न्याव्या लागतात, दोन दिवस घरात धुरळा उडेल. पण एकदा बसला की कोणाला हात लावता येत नाही. वायरलेसमध्ये काय, प्रत्येक दारा-खिडकीवर ही छोटी डबी चिकटवायची. तासाभराचं काम. पण डबीत सेल असतो. तो संपला की डबी मुकी. आणि या मॉडेलमध्ये ते कळतही नाही."

"मग वायरचाच," नवरा म्हणाला.

"आणि वाजला की?" तिने विचारलं.

"वाजला की अख्खी गल्ली गोळा होते, वहिनी. पोलीस येईपर्यंत लोकच त्याला चांगला चोप देतात."

"अहो, वायरलेसच घ्या," ती घाईने म्हणाली. "आत्ताच तर रंग दिलाय. परत भिंती कुठे फोडायच्या? आणि धुळीने तुमचा खोकला वाढतो."

"माझ्या खोकल्याची आजच बरी आठवण झाली तुला?"

तिने भांडी आवरायला घेतली. याला संशय आलाय, तिच्या मनात पाल चुकचुकली.

तेवढ्यात अलार्मवाल्याने खिडकी उघडली आणि बाहेर वाकून पाहिलं. "साहेब, इकडे या. चोर इथूनच येतो."

बाहेरच्या कट्ट्यावर बुटाचा ठसा होता. टाच एका बाजूने पार झिजलेली. नवरा चष्मा वर करून तो ठसा निरखत राहिला. मुलाच्या बुटाची टाच नेहमी अशीच झिजायची.

"वायरलेस बसवा," तो अखेर म्हणाला. "धूळ नको घरात."

तिच्या जिवात जीव आला. पण तो दिलासा फार वेळ टिकला नाही. अलार्म चालू-बंद करायचा नंबर नवऱ्याने अलार्मवाल्याला बाजूला घेऊन ठरवला.

"मला नाही सांगणार?" तिने विचारलं.

"तुला काय करायचाय? बाहेर पडताना मी लावीन, आल्यावर मीच बंद करीन." मग खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, "आता येऊ दे त्याला."

सोमवारी सकाळी नवरा आधी बाहेर गेला, स्कूटर पुसायला. ती निघाली की आत येऊन तो अलार्म लावणार होता. तिने रात्रभर विचार करून ठेवला होता. जेवण झाकलं, खिडकीची कडी काढली आणि स्टुलावर चढली. बाहेर फडक्याचा फटफट आवाज चालू होता. पकडली गेले तर पकडली गेले. काढू दे मलाही घराबाहेर.

सुरीच्या टोकाने तिने डबीचं झाकण उचकटलं.

आत सेल नव्हताच.

तिने बोट घालून चाचपलं. रिकामी. फडक्याचा आवाज कधी थांबला ते तिला कळलंच नाही. वळून पाहिलं तर नवरा दारात उभा. हातात ओलं फडकं, नजर जमिनीकडे.

"उतर खाली, पडशील," तो म्हणाला. "त्यातला सेल मी कालच काढलाय."