आबांचा पिस्ता

परांचीवर बांधलेलं कापड रंगाऱ्यानं सोडलं, ऊन भिंतीवर पडलं आणि सून फाटकातच खिळली. घर गुलाबी झालं होतं. साधंसुधं गुलाबी नाही, एखाद्यानं भर चौकात कौतुक केल्यावर कान तापावेत तसं गुलाबी.

"अहो, मी पिस्ता सांगितला होता! जुना होता तोच!"

"वहिनी, तुम्ही भिंतीचा पोपडा दिलात. दुकानदारानं तो यंत्राखाली धरला. यंत्रानं सांगितलं ते मी लावलं." रंगाऱ्यानं खिशातून पोपडा काढला. वरून पिस्ता. मग उलटा केला. खालून गुलाबी. "पहिला हात कुणीतरी गुलाबी मारलेला दिसतोय. यंत्रानं नेमकी पाठ बघितली. मला वाटलं, तुम्हालाच बदल हवाय."

चार दिवस ती उजाडायच्या आत कामावर जात होती आणि दिवे लागल्यावर परतत होती. मध्ये ते कापड. आता साडेतीन वाजले होते आणि चारच्या गाडीनं आबा येणार होते.

आबा म्हणजे तिचे सासरे. चाळीस वर्षं रंगारी. खोटं वाटेल, पण आबांनी एकदा एका भिंतीला पिकल्या पेरूचा रंग काढला, तर पोपटांनी चोची मारमारून गिलावा खाली आणला. दुसऱ्या एका घराला असा आभाळी दिला, की घरमालक दोनदा स्वतःच्या घरासमोरून तसाच पुढे निघून गेला. कामाची रीतही न्यारी. बायको जेवणाचा डबा घेऊन आल्याशिवाय आबा रंगाचा डबा उघडत नसत. ती आली, की कान पुढे करत. ती काहीतरी पुटपुटे, मग झाकण निघे. लोक हसत. "आबा, बायकोचा मंतर घेतल्याशिवाय ब्रश उचलत नाही वाटतं!" आबाही हसत. ती वारली आणि आठवड्याच्या आत आबांनी शिडी विकून टाकली.

त्याला बारा वर्षं झाली. रंगाऱ्याच्याच घराचे पोपडे निघू लागले. पण आबांचं एकच पालुपद, "या भिंतीला ब्रश लागला, तर मी लेकीकडे निघालो. कायमचा." यंदा ओल आबांच्या खाटेपर्यंत आली. ते लेकीकडे आठ दिवस गेलेले पाहून सुनेनं धाडस केलं. तोच रंग लावला, तर काय कळणार? आणि आता हे. सुनेला माहेर असं उरलं नव्हतं. तिला हक्कानं रागावणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते आता पिशवीसकट आल्या पावली परत फिरणार होतं.

"अर्ध्या तासात काही होईल?" तिनं विचारलं.

"मी पळून जाऊ शकतो," रंगारी म्हणाला. तो आबांच्याच हाताखाली शिकलेला होता.

तेवढ्यात आबा कोपऱ्यावर दिसले. गाडी कधी नव्हे ती लवकर आली होती.

आबा फाटकात थांबले. खांद्याला पिशवी. भिंतीकडे बघितलं. मग जवळ गेले, तळहात फिरवला, बोटाच्या पेरानं टकटक केलं, खिडकीची कड डोळा बारीक करून तपासली. रंगाऱ्यानं ब्रश पाठीमागे लपवला.

"हात बरा बसलाय," आबा म्हणाले. "ओल खरवडून मग मारलाय. शिकवलेलं फुकट गेलं नाही." आणि थोडं थांबून, हळूच, "पिस्ता अगदी तोच जमलाय. तुझ्या सासूनं काढलेला."

रंगाऱ्याला हा टोमणा पुरेसा होता. "येतो आबा," म्हणत तो शिडी तिथंच सोडून पसार झाला.

पण सून आबांना ओळखून होती. टोमणा मारताना त्यांची डावी भुवई वर जायची. आत्ता ती जागेवर होती, आणि खालचा डोळा ओला होता.

"आबा... खरंच तोच दिसतोय?"

आबांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि खांदे सैल सोडले. जणू शिडीवरून चाळीस वर्षांनी खाली उतरले.

"लग्नाआधी या घराला मी एकट्यानं पिस्ता लावला होता," ते म्हणाले. "पंधरा दिवसांनी तुझी सासू नवरी म्हणून आली आणि उंबऱ्यातच थबकली. आत्ता तू बघतेयस ना, अगदी तशीच बघत होती. पण बाई शहाणी. चारचौघांत चकार शब्द काढला नाही. नुसती माझ्या कानाशी लागली. दुसरा हात मी तिनं दाखवलेल्या डब्यातून मारला."

"मग बारा वर्षं आम्हाला हात का लावू दिला नाहीत?"

"रंगाऱ्याचं घर रंगवायचं म्हटल्यावर अख्खी गल्ली मलाच विचारणार, आबा, कोणता रंग काढायचा? मी कुणाला विचारून सांगणार होतो?"

सुनेनं मघापासून कोंडलेला श्वास सोडला. त्याबरोबर हसूही सुटलं, आणि ते काही केल्या आवरेना.

आबांनी पिशवी खांद्यावरून काढून पायरीवर ठेवली. गल्लीत डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग थोडं वाकून त्यांनी कान तिच्यासमोर धरला.

"सांग सूनबाई. कोणता लावलायस?"