बस रिकामी झाल्यावर

“ताई, तुमची शर्वरी उतरली की बसमध्ये मी आणि ड्रायव्हर दोघंच उरतो. गाडी लावतात त्या मैदानापर्यंत रस्त्याला चिटपाखरू नसतं हो,” शाळेच्या बसमधल्या मावशी म्हणाल्या होत्या. मी हसले. “तुम्हाला कोण काय करणार, मावशी?”

शेवटचं मूल उतरेपर्यंत बसमध्ये बाई हवीच, हा सरकारी नियम आम्ही आयांनी भांडून शाळेला पाळायला लावला होता.

दिवाळीनंतर मावशी आल्याच नाहीत. फोनवर म्हणाल्या, “कारण नका विचारू. घरात माणसं आहेत.”

आता त्यांच्या जागी विशीतली मुलगी आहे. आज मी तिचा नंबर घेतला. म्हटलं, “घरी पोचलीस की मिस्ड कॉल दे गं.”

ती गोंधळली. “मी? बरं, मॅडम.”

दिवेलागण झाली. हे परगावी, शर्वरी कार्टून बघतेय आणि मी फोन घेऊन बसलेय. त्या मुलीचा फोन बंद लागतोय. शाळेत विचारलं, तर म्हणाले, “काळजी नको, मुलं सगळी पोचली.”

तुमच्या मुलांच्या बसमध्येही शेवटी एक बाई उरते. ती घरी पोचली का, एवढं आज विचारा.