चाकावरची टोपी

आमच्या गुलाबतेलाच्या कारखान्यात एक बॉयलर पेटता असताना दुसऱ्यात शिरून क्षार खरवडत. शिरणारा आपली टोपी दोन्ही बॉयलरांमधल्या वाफेच्या व्हॉल्व्हच्या चाकावर अडकवायचा. टोपी दिसली, की चाकाला कुणी हात लावत नसे. त्या सकाळी रादोय आत शिरला. त्याची नवी नवरी नेवेना चीज भरलेली गरम बनित्सा घेऊन आली. "ठेवा तिथं, वहिनी. पांढरं भूत होऊनच बाहेर निघेल तो," मी म्हणालो आणि पंपाकडे गेलो. "टोपी आहे की तवा!" नाक मुरडत तिने ती धुवायला घरी नेली. फुलं कोमेजत होती. मुकादमाला दुसरा बॉयलरही हवा होता. चाक मोकळं पाहून त्याने ते फिरवून त्यात वाफ सोडली. दुपारी नेवेना वाळलेली टोपी झटकत आली. आम्ही सगळे माना खाली घालून, टोप्या हातात धरून उभे होतो. ती हसली. "अगंबाई, तुमच्याही धुवायच्यात वाटतं?"