सिद्रामप्पांची लांबलेली पूजा

"आत जाऊ नका भावजी." कट्ट्यावर बसलेल्या इरम्मानं हात आडवा केला. "हे आत बसलेत. मधी कुनी आलेलं चालत न्हाय त्यांना."

शरणबसप्पानं काढलेली चप्पल परत पायात घातली आणि कट्ट्यावर टेकला. इरम्माच्या एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हातात फोन.

"पार्वतीचाच हुता," ती हसत म्हणाली. "लई मजेत हाय ती."

तेच तर शरणबसप्पाचं दुखणं होतं. त्याची बायको पार्वतम्मा लेकीच्या बाळंतपणाला म्हणून मेलबर्नला गेली होती. बाळ आता भिंत धरून चालायला लागलं, तरी आजीबाई परतायचं नाव काढत नव्हत्या. इकडं मुरुमला हा दिवसभर कापड दुकानात बसायचा, खानावळीत जेवायचा आणि कुलूप काढून रिकाम्या घरात शिरायचा. पट्ट्याला नवीन भोक पाडायची वेळ आली होती.

"हितं नळाला गरम पानी येतं," पार्वतम्मा फोनवर सांगायची. "भांडी मशीन घासतं. सकाळी जावई चहा करून हातात देतो."

जावयाचं ऐकून शरणबसप्पाला गलबलून आलं. एवढा इंजिनिअर झालेला पोरगा, आणि परदेशात जाऊन ही पाळी! मशीनचं मात्र त्यानं मनावर घेतलं. सोलापूरला जाऊन भांडी घासायचं मशीन आणलं, स्वयंपाकघरात बसवलं आणि तिला फोटो पाठवला.

"त्यात भांडी लावनार कोन?" तिनं विचारलं.

"तूच की."

"मग ऱ्हाऊ द्या."

त्या मशीनवर आता साड्यांचे गठ्ठे ठेवलेले असायचे.

शेवटी त्याला सिद्रामप्पा आठवले. सिद्रामप्पा म्हणजे मुरुमच्या बाजारातलं मोठं प्रस्थ. त्यांनी आडतीवर नुसता घसा खाकरला तरी हमाल पाठीवरचं पोतं खाली ठेवायचे. गेला हिवाळा नवरा-बायकोनं कॅनडात काढला, मुलाकडं, विरेशकडं. तिथून इरम्मानं सगळ्यांना फोनवर सांगितलं होतं की आपण काही आता मुरुमला येत नाही. गावानं ते खरं धरलं. आणि अचानक दोघं परत आली. इरम्मा तर चांगली भरली होती, हसत होती, आणि परत जायचा विषयही काढत नव्हती.

गावाला बदल दिसला तो एकच. सिद्रामप्पांची सकाळची पूजा लांबली. पूर्वी कपाळाला भस्म लागलं न लागलं की स्वारी आडतीवर हजर. आता तास-दीड तास दार बंद. सगळे म्हणाले, परदेशात जाऊन माणसं देव विसरतात, यांना सापडला.

आतून टाळ्या ऐकू येत होत्या.

"सुरवातीला ताल चुकायचा," इरम्मा कान देऊन म्हणाली. "आता जमलाय."

धूरही बेताचा झाला होता. पहिल्या पहिल्यांदा धूप इतका व्हायचा की शेजारी खोकत बाहेर यायचे.

कडी वाजली. सिद्रामप्पा बाहेर आले. अंगावर घाम, कपाळावर पांढरा पट्टा, हात कोपरापर्यंत पांढरे. शरणबसप्पाला पाहताच त्यांनी हात पाठीमागं घेतले. शरणबसप्पानं वाकून नमस्कार केला.

"अण्णा, वैनी परत कशा आल्या तेवढं सांगा. पार्वती तिकडंच ऱ्हाती म्हनती. मला घर खायला उठतंय वो."

सिद्रामप्पांनी बायकोकडं पाहिलं. इरम्मा कपात बघत राहिली.

"तिकडं मला येक सवय लागली," ते हळू आवाजात म्हणाले. "हितं आल्यावरबी मोडनार न्हाय म्हनलो. मग आली ती."

"रोज करता?"

"रोज. खाडा न्हाय." त्यांच्या बोटावर एक फोड दिसत होता. "पयल्यांदा चटके बसतेत. मग हात बसतो, मनबी लागतं. फकस्त दार लावून घ्यायचं. गावाला दाखवायची गोष्ट न्हाय ही."

धुपाचा निखारा हातावर सोसायचा आणि त्याचा गवगवाही करायचा नाही! शरणबसप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं सुरुवात केली. अंघोळ, कोपरापर्यंत भस्म, दार बंद, खिडकी बंद, भरपूर धूप आणि टाळ्या. आधी पायाला मुंग्या यायच्या, एकदा तर बसल्या जागी डोळा लागला. पण हळूहळू बरं वाटू लागलं. तळहातावरच्या इष्टलिंगाकडं पाहत तो एवढंच मागायचा: ती घरी येऊ दे, रोज भांडली तरी चालेल.

पुरेशी निष्ठा जमली असं वाटल्यावर त्यानं फोन लावला.

"पार्वती, सिद्रामप्पाण्णा दार लावून जे करतेत ना, तेच म्याबी सुरू केलंय."



"तुमी?"

"म्या. रोज सकाळी. कोपरापोतर हात पांढरे हुतेत."

"खोटं!"

"लिंगाची आन."

पार्वतम्माचा आवाज ओला झाला. "तुमी असं कदी मनावर घ्याल, मला वाटलं न्हवतं वो. इरम्माचं ऐकून रोज जीव तुटायचा माजा. आत्ताच लेकीला तिकीट काढाया सांगते. मलाबी हितं करमत न्हाय, खरं सांगते."

शरणबसप्पानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि देवघराकडं पाहून हात जोडले. सिद्रामप्पांकडं आजच पेढे न्यायचे, त्यानं ठरवून टाकलं.

"येक इचारू का?" पार्वतम्मा लाजत म्हणाली. "इरम्मा सांगत हुती, अण्णांची पयली लई करपायची, आता टम्म फुगती. तुमची भाकरी फुगती का वो?"